गॅलनला अठ्ठावीस? आधी वही दाखवा

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी, रेडिंगला राहतो. जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायचं बरेच दिवस मनात आहे. बजेट बेताचं आहे. दोन गाड्या नजरेत आहेत. एक १९८९ची फोक्सवॅगन टी-२५, १.९ पेट्रोल, उघडणाऱ्या छपराची. दुसरी जपानहून आलेली १९९६ची माझदा बोंगो, २.५ टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक. टी-२५चा मालक छातीठोकपणे सांगतो की गाडी गॅलनला २८ मैल देते. दुसरा एक टी-२५वाला भेटला, तो म्हणाला १८ मिळाले तर देवाचे आभार माना. बोंगोवाला ३२ सांगतो, आणि ओळखीतल्या एकाची तशीच बोंगो २४च्या वर जात नाही. यातलं खोटं कोण बोलतंय? आणि आम्ही आकडा कोणता धरायचा? — अ. कु., रेडिंग

उत्तर : खोटं बहुधा कोणीच बोलत नसेल. प्रत्येकजण अर्धीच गोष्ट सांगतोय एवढंच. २८ आणि १८ हे दोन्ही आकडे एकाच टी-२५ने एकाच महिन्यात दिले, असं मला कोणी सांगितलं तरी मी भुवई उंचावणार नाही.

आमच्याकडेही त्याच जातीची गाडी आहे. हिशेबाची वही हिच्या ताब्यात असते. पंपावर नळी माझ्या हातात, पेन तिच्या. त्या वहीतल्या तीन ओळी तुम्हाला जशाच्या तशा देतो. ‘वेल्स, गावरस्ते, पन्नासच्या आत. २५२ मैल, ४४.१ लिटर.’ ‘स्कॉटलंड, समोरून वारा. २३१ मैल, ४७.३ लिटर.’ ‘एम-५ मोटरवे, सत्तरने, मागे दोन सायकली. १८९ मैल, ४६.८ लिटर.’ आपला इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा. भागाकार केला की अनुक्रमे २६, २२.२ आणि १८.४ येतात. गाडी तीच, इंजिन तेच, पायही माझाच. आता मला गाडी विकायची असती तर मी यातली कोणती ओळ तुम्हाला वाचून दाखवली असती? दुसऱ्या टी-२५वाल्याला विकायची नव्हती, म्हणून त्याला १८ आठवले.

या गाडीत इंजिन जेमतेम ७८ घोड्यांचं, आणि समोरचा चेहरा कपाटासारखा सपाट. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५६ वरून ७० मैलांवर गेलात की वेग वाढतो सव्वापट पण वारा दीडपटीहून जास्त जोराने मागे ढकलतो. छोट्या मोटारीत हे फारसं जाणवत नाही. कॅम्परमध्ये टाकीतलं पेट्रोल डोळ्यांदेखत खाली जातं. ५६चा आकडा मी उगाच घेतलेला नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये गाड्यांच्या माहितीपत्रकात तीन अधिकृत आकडे छापत : शहरी चाचणीचा, सलग ५६ मैल वेगाचा आणि सलग ७५चा. त्यातला ५६चा आकडा सगळ्यांत गोड. तोच ठळक छापायचे आणि तोच लोकांच्या तोंडात बसला. त्या पिढीतले मालक ‘ही गाडी एवढं देते’ म्हणतात तेव्हा ते पंपावरचा अनुभव सांगतायत की पाठ झालेलं माहितीपत्रक, हे आधी चाचपून पाहावं.

म्हणून २८ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. ‘वा, छान!’ म्हणा, आणि मग विचारा की मोजलं कसं. ‘काट्यावरून अंदाज येतो हो’ असं उत्तर आलं तर तो आकडा तिथेच सोडून द्या. या गाड्यांचा इंधनाचा काटा म्हणजे पंचांगातला पाऊस. ‘एकदा टाकी फुल केली होती, डेव्हनला जाऊन आलो, परत फुल केली’ असं उत्तर आलं तर ते जरा बरं, पण एका टाकीचा हिशेब फसवा असतो. टी-२५ची टाकी पुढच्या सीटखाली पोटाशी असते, ६० लिटरची, आणि तिची नळी हवा ओकते. एका पंपावर नळी लवकर ‘टक्’ करते, दुसऱ्यावर उशिरा. गाडी थोडी कललेली असेल तर आणखी वेगळंच. दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. पंचेचाळीस लिटरमध्ये तीन लिटर म्हणजे गॅलनमागे दीड मैल इकडचा तिकडे. शिवाय हट्टाने काठोकाठ भरायला गेलात तर जुन्या टी-२५मध्ये टाकीच्या वरच्या अंगाला जिथे हवेच्या नळ्या शिरतात तिथली रबरं सुकलेली असतात आणि पेट्रोल तिथून झिरपतं. तुमची टेस्ट ड्राइव्ह फुल टाकीवर होत नाही, म्हणून हा वास तुम्हाला तेव्हा येणार नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

वर्षभराची वही असेल तर हीच चूक विरघळून जाते. मधल्या सगळ्या भरण्यांतलं कमी-जास्त एकमेकांत फिटतं, उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या टाकीची गफलत. पाचशे-सहाशे लिटरमध्ये तिला कोण विचारतो? म्हणून मी वर्षभराच्या वहीवर विश्वास ठेवतो, मग ती पेट्रोलच्या डागांनी माखलेली का असेना. कॉम्प्युटरवरचा सुबक तक्ता असेल पण त्यात तीनच नोंदी असतील, तर तो मला नको.

आता मैलांकडे. सगळे लिटरवरून भांडतात, मैल मात्र मीटरने दाखवले तेवढे खरे धरतात. टी-२५मध्ये मीटरची तार पुढच्या एका चाकाच्या मधोमध, ग्रीसच्या टोपीत चौकोनी टोकाने बसवलेली असते. चाक फिरलं की टोपी फिरते, टोपीबरोबर तार. ते चौकोनी भोक झिजून गोल झालं की तार मधूनच घसरते, काटा थरथरतो, आणि घसरली तेवढे मैल मोजलेच जात नाहीत. याउलट हौशी मालक मूळच्या चौदा इंची चाकांऐवजी सोळा इंची घालतात. चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढला की मीटर पाच टक्के कमी दाखवतं. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे २० सांगितलेले असतात आणि खरे २१ असतात. आकडा फुगतोच असं नाही, कधी आटतोही.

पण मीटरची खरी मेख तुमच्या बोंगोत आहे. ही गाडी १९९५पासून जपानी बाजारासाठी बनली, ब्रिटनमध्ये आली ती वापरलेली आयात म्हणून, आणि तिचं मीटर जन्मतः किलोमीटरचं. इथे आल्यावर चांगल्या आयातदाराने मीटरमागे एक छोटी चिप लावली. तिच्यामुळे काटा आणि खालचे आकडे दोन्ही मैलांत येतात. म्हणजे आयात होईपर्यंतचा आकडा किलोमीटरचा, त्यापुढची भर मैलांची, दोन्ही एकाच ओळीत. दुसऱ्या कोणी फक्त तबकडी बदलून तिच्यावर मैलांचे आकडे छापले. तिथे खालचं मीटर आजही किलोमीटरच मोजतंय आणि मालक ते मैल समजून भागाकार करतोय. आता तुमच्या ३२चं बघा. ३२ किलोमीटर म्हणजे २० मैल. शाळा, सुपरमार्केट आणि सिग्नल अशा फेऱ्या मारणाऱ्या ऑटोमॅटिक बोंगोला गॅलनला २० हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे. तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय पैसे मोजू नका.

तपासायला फार काही लागत नाही. टेस्ट ड्राइव्हला एम-४वर जा. रस्त्याच्या कडेला दर शंभर मीटरला छोटे खुंट असतात, आणि दर पाचशे मीटरला निळी पाटी : वर रस्त्याचं नाव, मध्ये ए किंवा बी, खाली किलोमीटर. सौ.ना पाटी वाचायला बसवा, तुम्ही नजर रस्त्यावर ठेवा. एका पाटीपासून १६.१ किलोमीटर पुढे गेलात की मीटर १० मैलांनी सरकायला हवं. १६ने सरकलं, तर ‘गॅलनला ३२’चं कोडं सुटलं. साडेनऊ किंवा साडेदहा दाखवलं, तर टायरचा फरक आहे असं समजा आणि तेवढी दुरुस्ती करून घ्या. मोबाइलवरही हे करता येतं, पण खुंट हलत नाहीत म्हणून मला ते आवडतात.

घरबसल्याही एक काम होईल. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो : दरवर्षीचं मीटर, आणि ते मैलांत नोंदलंय की किलोमीटरमध्ये. मध्येच एकक बदललेलं दिसलं तर मालकाला विचारा. वर्षाला आठशे मैल फिरलेली गाडी असेल आणि मालक ‘नेहमीचा’ ॲव्हरेज सांगत असेल, तर तो ‘नेहमीचा’ म्हणजे वर्षातून तीन-चार टाक्या. चाळीस वर्षं ओलांडलेल्या बहुतेक गाड्यांना एमओटीतून सूट असते, तिथे हा दाखला अर्ध्यावरच थांबतो. तुमची टी-२५ अजून त्यात येत नाही, ते बरंच आहे.

आणखी दोन गोष्टी विचारून ठेवा. टाकीतूनच इंधन ओढणारा हीटर आहे का? दोन किलोवॉटचा डिझेल हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.३ लिटर पितो. गाडी एक मैलही हलत नाही, पण ऑक्टोबरमधल्या दोन थंड रात्रींत तीन-चार लिटर गेले की तो हिशेब ॲव्हरेजच्या माथी बसतो. दुसरं म्हणजे टी-२५ला गॅस किट आहे का? असेल तर ‘चाळीस देते’ असंही ऐकायला मिळेल. ते चाळीस बहुतेक वेळा पैशांतले असतात, मैलांतले नव्हे : गॅस स्वस्त, म्हणून तेवढ्या पैशांत पेट्रोलवर चाळीस देणारी गाडी जेवढी जाईल तेवढी ही जाते, असा तो अर्थ. लिटरमागे गॅसमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमीच असते. त्यातही गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गरम झाल्यावर गॅसवर जाते, ते सुरुवातीचं पेट्रोल कोणी वहीत मांडत नाही.

जुन्या नोंदींवर तारीखही पाहा. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. त्याआधीचा आकडा एखाद-दोन टक्के जास्त असणारच. या वयाच्या गाडीला मी तरी महागडं सुपरच घालतो. कारण ॲव्हरेज नाही, रबरी नळ्या.

तर धरायचं काय? माझा सल्ला : टी-२५ला २१ धरा, बोंगो डिझेलला २५. जास्त मिळालं तर आइस्क्रीम खा. पण त्याआधी हा हिशेब करा. तुम्ही वर्षाला तीन हजार मैल फिरलात असं धरू. गॅलनला २० देणारी गाडी ६८२ लिटर पिईल, २४ देणारी ५६८. फरक ११४ लिटरचा. लिटरला दीड पौंड धरला तरी वर्षाला १७१ पौंड. टी-२५च्या बाजूच्या पत्र्यांच्या जोडात गंज शिरला असेल तर वेल्डिंगवाला तुमच्याकडून याच्या कितीतरी पट घेईल. बोंगो एकदा गरम होऊन हेड गेलं तर विचारूच नका. आणि यातली कोणतीही गाडी घेऊन लंडनला नातेवाइकांकडे जायचा विचार असेल तर ऑगस्ट २०२३पासून सगळं लंडन ‘युलेझ’मध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या हद्दीत आहे, दिवसाचे साडेबारा पौंड. महिन्यातून एक शनिवार-रविवार गेलात तरी वर्षाचे तीनशे. दोन गाड्यांतला चार मैलांचा फरक यापुढे किरकोळ आहे. गाडीखाली आडवे व्हा, टॉर्च मारा, बोंगोचं पाणी आणि नळ्या पाहा. ॲव्हरेजवरून गाडी निवडणं म्हणजे बटणाला शोभेल असा कोट शिवणं.

प्रश्न : माझ्याकडे १९८७ची व्हॅनॅगन वेस्टफालिया आहे, २.१, ऑटोमॅटिक. वर्षभर प्रत्येक टाकी लिहितोय, सरासरी १७ मैल येते. लेस्टरला माझे मेहुणे आहेत, त्यांच्याकडे त्याच इंजिनाची गाडी. ते २१ सांगतात आणि दर रविवारी फोनवर माझी चेष्टा करतात. आधीच्या मालकाने दिलेल्या जुन्या डायरीत तर २० लिहिलंय. इंजिन उघडावं लागेल का? — स. दे., न्यू जर्सी

उत्तर : इंजिनाला हात लावू नका. मेहुण्यांना मात्र पुढच्या रविवारी लिटर विचारा. तुमचा गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यांचा ४.५४६चा. तुमचे १७ त्यांच्या मापात २०.४ होतात. म्हणजे एवढी सगळी चेष्टा अर्ध्या मैलावर चालली होती, तीही तुमची गाडी ऑटोमॅटिक असताना. आपल्या भाषेत तुमची ७.२ किलोमीटर देते, त्यांची ७.४. लिटरमागे किलोमीटर हे माप भारतात चालतं तसं जपानातही चालतं. मी तर सगळ्यांना त्यातच बोलायला लावतो, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

डायरीतल्या २०चं मला आश्चर्य वाटत नाही. कोणत्या वर्षाच्या नोंदी आहेत ते पाहा. १९७४पासून तुमच्याकडे देशभर ५५ मैलांची मर्यादा होती. १९८७मध्ये गावाबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ला परवानगी मिळाली आणि १९९५मध्ये केंद्राची मर्यादाच गेली. ५५ने मुकाट चालणारी व्हॅनॅगन आणि आज ट्रक मागे लागलेत म्हणून ६८ने पळणारी व्हॅनॅगन, यांची तुलना कशी करणार?

गाडी नवी असताना काचेवर लावलेला ॲव्हरेजचा जुना स्टिकर मिळाला असेल तर त्यातला आकडाही आजच्या सरकारी आकड्याशी जुळणार नाही. २००८च्या मॉडेलांपासून पर्यावरण खात्याने चाचणी कडक केली : जास्त वेग, एसी, थंडी. जुन्या गाड्यांचे आकडेही मग त्याच मापात खाली आणून दाखवले. गाडी तीच राहिली, मोजपट्टी बदलली.

एक शंका मात्र आहे. ‘सरासरी’ कशी काढलीत? प्रत्येक टाकीचा ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी काढली असेल तर ती चुकते. समजा एका वेळी ३०० किलोमीटरला ३० लिटर लागले आणि दुसऱ्या वेळी ३०० किलोमीटरला ५०. दहा आणि सहाची सरासरी आठ. पण ६०० किलोमीटरला ८० लिटर गेलेत, म्हणजे खरा आकडा साडेसात. वर्षाचे सगळे मैल एकीकडे, सगळे गॅलन दुसरीकडे, आणि एकदाच भागाकार. तुमचे १७ कदाचित साडेसोळा निघतील. मेहुण्यांना तेवढं सांगू नका.

प्रश्न : आमची २००८ची ओम्नी. गेल्या वर्षी मागची सीट काढून झोपायची सोय केली, टपावर कॅरियर टाकला, आम्ही दोघं कोकणात हिंडतो. आधी १४ द्यायची, आता ११ देते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्याचाच हा परिणाम ना? — एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, इथेनॉलच्या खात्यावर यातला एकच किलोमीटर टाकता येईल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे २० टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. १४चे १३ होतील. उरलेल्या दोनांसाठी टपावरचा कॅरियर, गाद्या, पाण्याचा कॅन आणि ताम्हिणीचा चढ जबाबदार असावेत. आठशे सीसीच्या आत इंजिन असलेल्या गाडीला एवढा संसार जड जातोच. ‘आधी १४’ हे पुण्यातल्या रस्त्यांवरचे होते की हायवेवरचे, तेही आठवून पाहा.

खात्री करायची तर पुढच्या वेळी कॅरियर उतरवून, तेच सामान घेऊन, त्याच रस्त्याने त्याच वेगाने जा आणि त्याच पंपावर भरा. जॅकवर चढवून चारही चाकं हाताने फिरवून बघा, एखाद्याचा ब्रेक धरत असेल. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून बदलून घ्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या रबराला हे मिश्रण मानवतंच असं नाही, आणि ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखालीच आहे.